तार गिळलेलं झाड

सर्जनबाईंनी कागदावर मांडी काढली,
मांडीत एक ढेकूळ,
ढेकळातून आरपार दोन रेघा :
एक रक्तवाहिनी, एक पायाची मोठी नस.
"इथे सुरी चालायची नाही."

मर्डो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,
"आमच्या कुंपणातल्या मॅक्रोकार्पासारखं.
तार गिळून वाढलंय.
करवत घातली तर करवतीचेच दात जातात."
बाई हसल्या नाहीत.
"अगदी तसंच," म्हणाल्या.

म्हणून दोन्ही एकदम. शिरेतून औषध,
आणि शनिवार-रविवार सोडून रोज किरण.
यावरही त्याचं होतंच :
एक भुंकणारा कुत्रा, सगळा कळप उधळून देणारा;
दुसरा मुका, समोर बसून नुसता
नजर रोखणारा. "एका कुत्र्यानं
डोंगर रिकामा होत नाही, एल्सा."
सगळ्याचं शेत करून टाकलं त्यानं.
मला कधी कधी ओरडावंसं वाटे.

गोरहून डनीडन, अठ्ठावीस वेळा.
जुलैचं दंव, वायपर, थर्मासमधला पांचट चहा.
मिल्टनच्या पेट्रोलपंपामागची ती भिंत
मी आता डोळे मिटून काढू शकेन.
केस गेले त्या सकाळी तो उशीला म्हणाला,
"साफ कातरलंस. एक जखम नाही."

मांडीवर निळे तीन ठिपके, किरणांना वाट दाखवायला.
शेडमध्ये ज्याचं काम वाईट, त्याच्या मेंढीवर
मालक निळ्या खडूनं रेघ ओढायचा.
चाळीस वर्षांत मर्डोच्या वाट्याला
एकही रेघ आली नव्हती.
हे त्यानं बोलून दाखवलं नाही. मलाच आठवलं,
टेबलावर तो एकटा आणि जाड दार बंद होताना.

ऑक्टोबरात फोटो काढले.
गाठ आहे तेवढीच आहे. आतून मात्र करडी.
मेलीय की झोपलीय?
"थांबून बघू," म्हणाले.

काल तो पक्कड घेऊन झाडापाशी गेला.
जुनी तार दोन्ही बाजूंनी तोडली,
आतली आतच राहू दिली,
आणि नवी तार झाडाला वळसा घालून ओढली.
अर्ध्या तासाचं काम, दुपार गेली.
खाली बसला तो बसलाच.
मी हात पुढे केला.

त्यानं धरला.
पूर्वी धरत नसे.