शेड नंबर चारशे सोळा

अक्कलकोट रोडच्या डायिंगमध्ये एकतीस वर्षं
मी लॅव्हेंडर शिजवला.
कार्डावर चारशे सोळा:
लाल चिमूटभर, निळा त्याहून जरासा जास्त,
मीठ, सोडा, साठ डिग्रीला पाऊण तास.
टॉवेल जायचे कुठल्या कुठल्या देशांत,
नखांतला रंग मात्र माझ्यासोबत घरी यायचा.

मोरपंखी म्हटलं की मोर दिसतो,
डाळिंबी म्हटलं की डाळिंब.
लॅव्हेंडर म्हटलं की मला पिंप दिसायचं.
त्याचं झाड असतं
हे कुणी सांगितलंच नाही.

रिटायर झालो त्या वर्षी नातू पुण्याहून आला,
चपलांच्या खोक्यात तीन रोपं घेऊन.
करडी, काटकुळी.
राजमणी म्हणाली, "आजारी आहेत का ओ?"

पहिलं मी मारलं.
विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो,
रात्री दोनला गल्लीभर घागरी वाजतात.
त्यातला पहिला तांब्या मी त्याला दिला,
देवाला द्यावा तसा.
काळ्या मातीनं तो सोडलाच नाही.
आठवड्यात मुळं चहाच्या चोथ्यासारखी.

दुसरं शेजारच्या सत्तव्वानं.
आम्ही लग्नाला वरंगलला गेलेलो,
सोलापूरचा एप्रिल, त्रेचाळीस.
तिला बघवलं नाही.
स्वतःच्या माठातलं, प्यायचं पाणी,
रोज दोनदा घातलं तिनं.
तिला कसं सांगणार, बाई,
या गावात असून ते तहानेनं नाही मेलं,
मायेनं मेलं.
मी म्हणालो, ऊन लागलं असेल.

तिसऱ्याला मग कामगारासारखं ठेवलं.
कुंडी मातीची, बिनरंगाची, घाम येणारी.
तळाला विटेचे तुकडे, त्यावर निम्मी वाळू,
पाडलेल्या भिंतीतला जुना चुना मूठभर,
काळी माती पाहुणीपुरती.
सकाळचं ऊन पूर्ण.
दुपारी एकनंतर दोरीवर सेकंडचा टॉवेल टाकायचा
आणि त्याची सावली सरकेल तशी कुंडी सरकवायची.
दोन पेरं बोट घालून बघायचं.
कोरडं लागलं तरी
एक दिवस थांबायचं.
तो एक दिवस मला फार जड जातो.

छाटायचं काम राजमणीचं.
चाळीस वर्षं तेंदूचं पान कापलेली कात्री,
तिच्याकडं न बघता चालते.
मी म्हणालो, तिसरा हिस्साच काढ.
ती म्हणाली, "हजार विड्यांचं पान कापताना
तुम्हाला विचारलं होतं का?"
हिरव्यापाशी थांबते ती,
लाकडाला पातं लावत नाही.
हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

गड्ड्याच्या थंडीत, गावात काठ्या निघाल्या त्या सकाळी
एक तुरा उघडला. नखाएवढा.
मी ट्रंकेतून कार्ड काढलं,
फुलाशेजारी धरलं,
आधी उन्हात, मग सावलीत,
मास्तर धरायचे तसं, एक डोळा मिटून.

जुळत नाही.
फुलात निळा जास्त आहे, आणि अजून एक
करडं काहीतरी, जे आमच्या कुठल्याच डब्यात नव्हतं.
एकतीस वर्षं. किती कंटेनर.
एकही परत आला नाही.

राजमणीनं दोन फुलं चुरडली, हुंगली.
"दवाखान्याची फरशी," म्हणाली.
मग पुन्हा हुंगली.
मग सूप मांडीवर घेऊन हजारी पुरी करायला बसली,
त्याच बोटांनी.

संध्याकाळी कारखान्यात चेकरनं
नेहमीसारखी मूठभर छाट बाजूला काढली,
आणि नाक वर करून विचारलं,
"वास कसला येतोय, बाई?"

"रंगाचा," ती म्हणाली.