छातीची उंची

पालच्या पुढे, कंपार्टमेंट एकशे बारा.
साग. लागवड सत्त्याऐंशीची.
जैतूनबी तडवी टेपचं एक टोक धरते,
दुसरं घेऊन मी खोडाभोवती फिरून
परत तिच्यापाशी येतो.

घेर मोजायचा छातीच्या उंचीवर :
एक मीटर सदतीस.
"कोनाची छाती?" ती विचारते.
टेप तिच्या हनुवटीला लागलेला.

अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. लिहिलं.
कोरड्या वजनाचा निम्मा कार्बन धरायचा,
म्हणजे हवेतला धूरच समजा, मी सांगतो.
"मंग माह्या चुलीचा बी यातच?"
मी मान हलवतो, पूर्ण नाही.

विरळणीत तुटलेल्या झाडांना
माझ्या तक्त्यात एकच रकाना : बाहेर गेले.
तिला बुंधे पाठ आहेत.
हे रावेरला कुणाच्या दाराला गेलं,
हे फैजपूरला. हे मुळातच वाकडं.
खड्डे खणले तेव्हा ती नऊ वर्षांची,
हजेरी आईच्या नावावर.

दुपारी दादरची भाकरी, ठेचा.
बुंध्याला फुटलेलं कोवळं पान
तिनं तळव्यावर चोळलं. हात लालभडक.
"हे कुठं लिवता?"

आता विद्यापीठात ओव्हन सत्तर अंशांवर,
पाचोळ्याच्या एकवीस पिशव्या आत.
वजन स्थिर होईपर्यंत थांबायचं असतं.
सर विचारतात, मोजणी कुणी केली?
टेपला दोन टोकं असतात सर, म्हणालो.
ते म्हणाले, बरं, चूक किती टक्के धरलीस?

पिशवी नंबर नऊ
अजून उतरतेच आहे.