किमान दोन

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागे,
पतसंस्थेचा प्रिंटर अर्ध्या पानावर थांबतो.
आठवडा झाला, ताळेबंदाच्या तेराव्या पानावर,
'येणे बाकी'च्या खाली नुसता कोरा कागद.
वार्षिक सभा रविवारी.

धनकवडीहून स्कूटरवर आलो, आधी रोलर पुसले.
बोटाला सागाचा भुसा.
तांबोळी मॅडम म्हणाल्या, रोलर आम्हीपण पुसतो हो,
पुढचं बोला.

पुढचं म्हणजे मेमरी.
एकशे अठ्ठावीस एमबी, एवढीच.
वाटणी बघायची तर पासवर्ड कुणालाच आठवेना.
शेवटी यंत्राच्या पाठीवरच सापडला,
पिवळ्या चिकटपट्टीखाली, घोटीव अक्षरात.

नेटवर्कला अठरा.
सहा टेबलं, सहा कॉम्प्युटर, वर चेअरमनसाहेबांचा मोबाइल,
सगळ्यांत मिळून अठरा.
फॉन्टला सोळा. तीस यंत्राच्या स्वतःच्या खर्चाला.
आणि पॅरलल पोर्टला चौसष्ट.
मी पुन्हा वाचलं.

मागे वाकून पाहिलं.
त्या तोंडात केबल नाही,
कोळ्याचं जाळं आहे.

"ते बहिरट अण्णांचं," मॅडम म्हणाल्या,
"त्यांचा जुना कॉम्प्युटर तिथे लागायचा.
नेटवर्कवर विश्वास नव्हता त्यांचा.
आपल्या नोंदी दुसऱ्याच्या तारेतून कशाला, म्हणायचे.
सहा वर्षं झाली त्यांना जाऊन."
रिटायर होऊन, की जाऊनच,
मी विचारलं नाही.
भिंतीवर फोटो नव्हता, एवढं पाहिलं.

म्हणजे सहा वर्षं
रोज सकाळी बटण दाबलं की
हे आधी त्यांचं पान वाढत होतं
आणि उरलेल्या जागेत बाकीची पंगत दाटीवाटीने.

चौसष्ट खोडून शून्य लिहिलं.
घेईना.
लाल अक्षरात उलट सांगतं: किमान दोन.
मॅडमनी चष्मा कपाळावर सारून वाचलं.
"राहू द्या की दोन,"
जसं काही माझ्या हातात होतं.

दोन ठेवले. बासष्ट नेटवर्कला.
बंद, चालू. गरम होईस्तोवर चहा.
मग तेरावं पान आलं, सबंध,
बेरजेसकट, खाली सचिवांच्या सहीची रेघ.
मॅडम बोटाने आकडे उतरत गेल्या,
तळाशी थांबल्या.
यात सातशेचा फरक आहे, म्हणाल्या.
अण्णा असते तर,

आणि पुढचं पान हातात घेतलं.

मी बिलावर लिहिलं:
सुटा भाग कोणताही बदललेला नाही.