समटाइम्सची जागा

डंगॅननच्या ग्रंथालयात, वरच्या खोलीत,
दर मंगळवारी ऊना क्विग बाई फळ्यावर शिडी काढतात.
सगळ्यात वर ऑल्वेज, शंभर टक्के.
सगळ्यात खाली नेव्हर, शून्य.
मधे युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली,
अरुंद जिन्यात अंग चोरून उभे.

आबिल्यू म्हणाला, आय ऑल्वेज मिस द बस.
बाई म्हणाल्या, मग आज कसा पोचलास?
तो विचारात पडला.
चालत, म्हणाला.
सगळे हसलो. त्याचे बूट अजून ओले होते.

रासा लिथुआनियाची. तिच्या भाषेत
कधीच म्हटलं की पुढे नाहीही म्हणावं लागतं.
म्हणून ती म्हणते, आय नेव्हर डोन्ट ईट लिव्हर.
बाई डोन्ट पुसतात.
नेव्हरच्या पोटातच नाही असतं, सांगतात.
रासाला पटत नाही.
एवढी मोठी गोष्ट, आणि एकदाच नाकारायची?

मला विचारलं, आईला किती वेळा फोन करतेस, डोमिंगास?
नेव्हर, म्हणाले.
बाईंचा हात फळ्यावरच राहिला.
आई डोंगरात राहते, तिथे रेंज नाही,
रविवारी बाजारात उतरली की तीच करते,
मागे कोंबड्या ओरडत असतात,
हे सगळं सांगायला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं.
उत्तर बरोबर होतं. बाईंनी बरोबरची खूणही केली.

गुरुवारी कारखान्यात कागद आला.
मी मांड्यांच्या लाइनवर आहे,
सुरी आत, हाड बाहेर, पुढची,
सुरी आत, हाड बाहेर.
कागदावर प्रश्न: बोटांना मुंग्या येतात का? किती वेळा?
पुढे पाच चौकोन.
तीच शिडी, आडवी निजवलेली.
एक पायरी कमी, पण ओळखली मी लगेच,
आणि खरं सांगते, आधी आनंदच झाला,
वाचता आलं म्हणून.

मग कँटीनमध्ये कुणीतरी झुल्मीराचं नाव काढलं.
तिने मागच्या वर्षी ऑल्वेजवर खूण केली होती.
पाच पाळ्यांच्या दोन झाल्या.
कुणी काही बोललं नाही तिला, नुसत्या दोन झाल्या.
त्या दुपारी समटाइम्स हा शब्द
मिठाच्या डबीसारखा टेबलांवरून फिरला.
पोलंडच्या बाईने पुढे सरकवला, आमच्या मुलांनी घेतला,
तेतुममध्ये दाला रुमा, कुठल्याही भाषेत
तोंड न उघडता म्हणता येईल असा शब्द.

रात्री तीन वाजता मी उठते.
हात पलंगाखाली लोंबता सोडते,
बोटं एकेक करून घरी येईपर्यंत.
करंगळी सगळ्यात उशिरा.
रोज.
सकाळी शर्टाचं वरचं बटण रासा लावून देते,
तिचं मी, कारण तिचा डावा हात आणि माझा उजवा.
मी समटाइम्सवर खूण केली.
पेन निसटलं, म्हणून दोनदा.

पुढच्या मंगळवारी बाई म्हणाल्या,
बाकीचे शब्द क्रियापदाला चिकटून बसतात,
ऑल्वेजला तर वाक्याच्या दारात उभंही राहता येत नाही.
समटाइम्स मात्र मोकळा.
पुढे बसवा, मागे बसवा, मधे बसवा.
डोमिंगास, एक वाक्य कर.

मी म्हणाले,
समटाइम्स आय राइट समटाइम्स.

कुणी हसलं नाही. रासाने खिडकीकडे पाहिलं.
व्याकरण बरोबर आहे, बाई म्हणाल्या, हळू.
मग टेबलाखाली ठेवलेल्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या,
आणि शिडी पुसायची विसरल्या.
वर्ग सुटायची वेळ होऊन गेली.
खाली रस्त्यावर बस आली, थांबली, गेली.
आबिल्यू उठला नाही.