वरनं आलंय

इर्शाद शिकलगार दारातच थांबले, चपला बाहेर,
हाताला वाळू, म्हणून माउसला हात लावेनात.
"मॅडम, ते ओलाव्याचं पान मला लिहू देईना.
पासवर्ड मागतंय.
अठ्ठावीस वर्सं वाळू मुठीत धरतोय मी,
आनि ते मला इचारतंय, तू कोन?"

उद्यमनगरातली दुपारची लाइट गेलेली.
यूपीएस कुंई कुंई करत होता.
मी पान उघडलं. ओलावा.
परवानगीच्या रकान्यात काहीच नाही.
रिकाम्या रकान्याचा अर्थ आमच्या विकीत "नाही" असा होत नाही,
"मला ठाऊक नाही, वर विचारा" असा होतो.

वर गेले. वाळू. रिकामं.
त्याच्या वर साचाखातं.
इथं कुणीतरी मथळ्याला पिवळी पट्टी दिलीय,
म्हणून खालची सगळी पानं हळद लागल्यासारखी.
पण कुलपाचं? वर विचारा.
घरफाळ्याच्या एका पावतीसाठी
मी असेच तीन मजले चढले होते एकदा,
टेबल टेबलाकडं बोट दाखवत.

शेवटी कारखाना. सगळ्यांच्या वरचा गट.
तिथं एकच ओळ:
लिहिण्यास कुलूप. मार्च दोन हजार नऊ.
घालणारा, जिनगोंडा मगदूम.

अण्णांना मी पाहिलेलं नाही.
इर्शादभाईंनी सांगितलं, खुर्चीवर न बसता:
"कुनीतरी बेंटोनाइटचा आकडा खोडला हुता.
एका रात्रीत चाळीस पंपांच्या बॉड्या भंगारात.
अण्णा पेटले हुते.
दोन दिसांनी शांत झाले, समद्यास्नी मिसळ चारली.
कुलूप काढायचं ऱ्हाऊन गेलं."

म्हणजे एका संध्याकाळचा राग
चौदा वर्षं जिना उतरतोय.
तेव्हा नसलेल्या खात्यांत पोचला,
परवा तेजल लोहारनं उघडलेल्या कोऱ्या पानावरसुद्धा.
ते जन्मलंच कुलूप घेऊन.
तिला वाटलं, आपलंच काही चुकलं.

आमच्या घरी मीठ कुणी कुणाच्या हातात देत नाही,
खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं.
मी डबा खाताना इथंही खाली ठेवते.
आईला विचारलं होतं.
म्हणाली, काय की बाई, आमच्यात तसंच.
तिच्याही रकान्यात रिकामं.

वरची ओळच पुसून टाकावी का?
बोट गेलं तिथवर.
पण त्याच ओळीखाली पगाराची पानं आहेत,
भट्टीच्या तापमानाची आहेत,
आणि अण्णांचा राग त्यांना अजून राखतोय.
तो सगळाच काही चुकीचा नव्हता.

पायऱ्या उतरून वाळूपाशी आले.
इथं रिकामं ठेवून भागत नाही,
हे मला फार उशिरा कळलं, विकीतही आणि एरवीही:
काही न लिहिणं म्हणजे मोकळं होणं नव्हे.
मोकळं आहे, हेसुद्धा लिहावं लागतं.
लिहिलं: कुलूप नाही.
ते ओलाव्यापर्यंत आपोआप उतरलं,
रागासारखंच, त्याच जिन्यानं.

इर्शादभाईंनी शर्टाला हात पुसले,
दोन बोटांनी एकेक अक्षर हुडकलं:
पंचगंगा पात्राबाहेर आली की पाणी अर्धा टक्का कमी धरा.
यंत्र काहीही म्हणो, मुठीत दाबून बघा.
मोडल्यावर कडा ढासळायला नको.

जतन केलं. दोनदा वाचलं. मान हलवली.
यूपीएस आता सलग ओरडत होता.
दारात चपला चढवताना, मागं न बघता म्हणाले,
"मॅडम, आता त्याला कुलूप घाला बघू.
कुनीबी येऊन खोडंल."