देणे फोटो एक

बसऱ्याहून मोती आणतो म्हणाला होता आजा.
आणले अकरा फोटो, बिस्किटांच्या डब्यात.
नथ तशीच राहिली,
चौथ्या मोत्याची तार रिकामी.

आजा सॅपर. धाकू शिर्के, खडकीची पलटण.
लढाईभर त्याने धक्के बांधले, पूल बांधले,
आणि कुणा मेलेल्या गोऱ्याच्या सामानाच्या लिलावात
पाच रुपयांना कॅमेरा घेतला.

फोटोंत लढाई कुठेच नाही.
खजुरीच्या झाडांना बांधलेली दोरी, तिच्यावर वाळणारे लंगोट.
अशारच्या खाडीत निमुळती होडी, होडीत कलिंगडं.
लाकडी सज्जा, जाळीआड कुणीतरी असल्या-नसल्यासारखं.
शत्त-अल-अरबचं पाणी, जे नुसतंच पांढरं आलंय.
आजा एकातही नाही.
एकीकडे फक्त सावली पडलीय त्याची,
कोपरं बाहेर काढलेली,
दोन कानांच्या हंड्यासारखी.

नवव्या फोटोत एक पोरगं, आठेक वर्षांचं,
आज्याची टोपी पार डोळ्यांवर आलेली.
मागे मोडीत एक ओळ.
महाडला फणसे मास्तरांकडे नेली वाचायला.
आम्हाला वाटलं, नाव असेल, नाहीतर गाव.
मास्तरांनी भिंग फिरवलं.
"पोरास देणे फोटो एक.
वर श्री घातलाय बघा, हिशेबाला घालतात तसा."

मी जहाजावर थर्ड इंजिनिअर.
गहू उतरायला चार दिवस, त्यातला एक मला मिळाला.
खाडीत आता बाटल्या तरंगतात.
सज्जे दोनच दिसले, एकाला टेकू.
चहाच्या दुकानात फोटो हातोहात फिरला.
टोपी बघून पोरं हसली.
एकजण म्हणाला, ही भिंत माझ्या ओळखीची आहे,
आणि कुठली ते त्याला आठवेना.
मग सगळे ज्याच्याकडे बघू लागले
त्या म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला,
फोटो नाकाशी धरला.
इतका वेळ, की माझा चहा निवला.

टॅक्सीवाल्याने मोडक्या हिंदीत सांगितलं:
हा तो नाही म्हणतो.
त्याला कधी कुणी टोपी घातली नव्हती म्हणतो.

मी हात पुढे केला.
म्हाताऱ्याने फोटो दिला नाही.
सदऱ्याच्या आतल्या खिशात सरकवला,
वरून तळहाताने दाबला,
आणि माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले.