बाकीचा भाग

पूर्णा स्टेशनबाहेर, रिक्षास्टँडला खेटून
माझं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो.
लोक येतात ते बहुतेक दहाव्याच्या,
नाहीतर पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी.
पेपरच्या घडीतून एक ग्रुप फोटो निघतो,
कोपरे वाळवीनं खाल्लेले,
आणि बोट एका चेहऱ्यावर टेकतं:
"एवढाच घ्या. मागं निळं करा. बाकीचं काढून टाका."

मी काढते.
पण टाकत नाही.

कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे, 'बाकी' नावाचं.
त्यात अर्धं इंजिन आहे, वाफेत बुडालेलं,
लोकोशेडच्या दारावरचा भोंगा आहे,
सायन्ना फिटरचे बूट, सायन्ना नाही
(तो आता त्याच्या सुनेच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या हारात).
कोळशाच्या ढिगावर चढलेलं एक शेळीचं पिल्लू आहे.
शेख चाँद ड्रायव्हरच्या निरोपाच्या दिवशीची
रिकामी खुर्ची आहे, तिच्यावर कुणाचा तरी डबा.

शेड गेलं. मीटरगेज उखडलं.
जिथं राख झाडायचे तिथं आता बाभळी आहेत,
आणि पोरांना शिंडर म्हणजे काय ते सांगावं लागतं:
अर्धा जळलेला कोळसा, बाळा,
त्याच्यावर आमच्या भाकरी झाल्या.

आमच्या अण्णांचाही असाच कापून घेतला होता,
मी नववीत असताना, नांदेडच्या स्टुडिओत.
खांद्यावर चार बोटं राहून गेलीत.
कुणाची, ते विचारायला आता
त्या पाळीतलं कुणी उरलेलं नाही.

मागच्या बुधवारी भागाबाई आली,
रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला.
स्क्रीनवर एक फोटो उघडा होता.
कुण्या साहेबाच्या तपासणीचा, तीन रांगा, सगळे पुरुष,
आणि उजव्या कडेला, चौकटीत चुकून शिरलेला
एक हात, टोपल्याची कड धरलेला.
मनगटाला चिंधी.

"ह्यो हात माझाय."

मी हसले असेन.
तिनं बाही वर केली.
मनगटाखाली चामडी दुमडलेली, चकाकती, जुनी.
"त्याच दिवशी चटका बसला व्हता.
फोटोवाला म्हन्ला, बायांनो, बाजूला व्हा.
मी सरकले की.
टोपलं कुठं सरकतंय लवकर?"

फाईलला द्यायला नाव विचारलं.
ती जरा वेळ कार्डाकडंच बघत राहिली.
"आमाला टोकन नव्हतं. हजेरीत नाव नव्हतं.
मुकादम म्हनायचा, चार टोपले धाडा,
की आमी चौघी जायचो."
मग एकेक करून सांगितली, बोटं मोडत:
भागाबाई सटवाजी जोंधळे.
इठाबाई, तिचं आडनाव आठवत नाही, लिंबगावची.
राजव्वा, तेलगू बोलायची, चिडली की जास्तच.
चौथीपाशी थांबली.
"थांब, येईल. काळी व्हती, उंच. येईल."

आलं नाही.

मी तीन नावं लिहिली, आणि चौथ्या ओळीवर
'काळी, उंच'.

झेरॉक्सचे दोन रुपये तिनं मोजून ठेवले, नको म्हटलं तरी.
पायरी उतरली, मग परत आली, वाकून स्क्रीनकडं पाहिलं.
"माझं काही झालं, आन् पोरं आली फोटो करायला,
तर तोंडाचा नको देऊ. आधारकार्डावर भुतावानी दिसते मी.
ह्योच दे."

"हात?"

"हात. आन् टोपल्याची कड बी राहू दे.
कापू नको."